प्लेअर मुलाला, वेगाचा डबा मुलीला

मी, वय एक्क्याऐंशी, शिक्षण तिसरीपर्यंत (चौथीच्या बाई मला आवडल्या नाहीत), धंदा शिवणकाम, डोकं ठिकाणावर आणि चष्मा नाकावर असताना हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकेल असं या घरात कोणी जन्मलेलं नाही. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही. धमक्या दिल्या होत्या, त्या सर्व रद्द समजाव्यात.

कलम १. राहती जागा, दोन खोल्या व स्वयंपाकघर, मुलगा आणि मुलगी यांना निम्मी निम्मी. मध्ये भिंत घालू नये. बँकेत आहे त्यातून माझं उरकावं, उरेल ते दोघांनी वाटून घ्यावं. फार उरणार नाही, तेव्हा वकील लावू नये.

कलम २. शिवणयंत्र आणि मोठी कात्री सुनेला. कात्रीने कागद कापायचा नाही. तिने एकदा कापला आहे. ती नाही म्हणेल. मी धार पाहिली आहे.

कलम ३. रेकॉर्ड प्लेअर. याचं सविस्तर लिहिते, कारण भांडण इथेच आहे.

माझे यजमान शाळेत कवायतीचे मास्तर होते. त्यांच्या हुकमांची एक रेकॉर्ड निघाली होती, शाळाशाळांत वाजवायला. हात वर, हात खाली, श्वास घ्या, श्वास सोडा. ते गेले तेव्हा मुलगी दहा वर्षांची, मुलगा दोनचा. त्याच वर्षी धाकट्या दिरांनी कुणा खलाशाकडून हा प्लेअर आणून दिला. "वहिनी, अस्सल परदेशी माल आहे," म्हणाले. रेकॉर्ड लावली तर आतून कोणी खर्जातला, भारदस्त, शांत माणूस बोलायला लागला. मुलगी म्हणाली, "आई, बाबांना सर्दी झालीय का?" या आवाजात माझ्यावर कधी कोणी ओरडलं नव्हतं. ठेवून घेतला.

मुलगा त्याच आवाजावर मोठा झाला. परीक्षेला निघाला की आधी रेकॉर्ड लावणार, उभा राहून श्वास घेणार, सोडणार, मग जाणार. मुलगी बघायला गेला तेव्हाही हेच.

आमची लेक लिफ्टच्या मोटरी दुरुस्त करते. गेल्या वर्षी तिने प्लेअर उघडला. पट्टा नवा, पिन नवी, रेकॉर्डखाली जाड लोकरी नमद्याची चकती, आणि मूळची मोटर काढून बाजारातून आणलेली दुसरी. तिला वेगाचा वेगळा डबा, डब्यावर बटण. तेव्हा कळलं, जुनी मोटर दुसऱ्या कुठल्या देशाच्या विजेसाठी केलेली होती. आपल्या विजेवर ती इतकी वर्षं रेंगाळत होती. नव्या मोटरवर रेकॉर्ड लावली आणि खोलीत माझे यजमान आले. बारीक, किनरा, घाईचा आवाज, किटलीला उकळी फुटावी तसा.

मुलगा ताडकन उठला. "ताई, हे बाबा नाहीत."

"हेच आहेत. तू दोन वर्षांचा होतास रे, तुला काय आठवतंय?"

"तू बाबांची चिमणी करून टाकलीस!"

तेव्हापासून दोघं रविवारी एका टेबलावर जेवतात आणि माझ्यामार्फत बोलतात. "आई, तिला म्हणावं मीठ सरकव." "आई, त्याला सांग, हात दिलेत देवाने." मी काय टेलिफोन आहे?

खरं काय ते मला कोणी विचारलं नाही, म्हणून लिहून ठेवते. आवाज किटलीचाच होता. मुलीचं बरोबर आहे. पण मुलगा त्या संथ आवाजाने वाढवला. किटलीला ते जमलं नसतं. तेव्हा त्याचंही चुकलेलं नाही. डब्यावरचं बटण मागे फिरवलं की तोच संथ आवाज परत येतो, हे मुलीला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. तो विचारत नाही म्हणून ती सांगत नाही. दोघंही माझ्यावर गेली आहेत.

सबब, प्लेअर मुलाला. वेगाचा डबा मुलीला. डब्याशिवाय प्लेअर फिरत नाही, आणि प्लेअरशिवाय डबा दाराला टेकू म्हणूनही कामाचा नाही. मुलाने दुसरा डबा विकत आणला तर प्लेअर भंगारवाल्याचा. रेकॉर्ड सुनेकडे राहील. दोघं एका खोलीत असतील तरच तिने ती बाहेर काढावी.

कलम ४. काढलेली जुनी मोटर धाकट्या दिरांना. अस्सल परदेशी माल आहे.

कलम ५. मला पोचवून घरी आलात की रेकॉर्ड एकदा लावावी. मनातून मी संथ आवाजाची बाजू घेत आले ती एवढ्यासाठीच, की रेकॉर्डबरोबर खऱ्या वेगाने श्वास घ्यायला मला दम पुरत नाही. आता ती अडचण उरलेली नाही. बटण कुठे ठेवायचं ते दोघांनी एकमेकांना विचारावं. टेलिफोन बंद झाला आहे.

वरचं सगळं मी पुन्हा वाचलं, मला पटलं, म्हणून सही केली.

साक्षीदार पहिले: खालच्या मजल्यावरचे चष्मेवाले. सही केली. कात्रीचं कलम वाचून हसले, त्यांना समज दिली आहे.

साक्षीदार दुसऱ्या: समोरच्या नर्सबाई. माझं डोकं तपासून सही केली. म्हणाल्या, "आजी, बटणाचं आत्ताच सांगून टाका ना दोघांना." सांगितलं तर ती बोलायला लागतील, आणि ते मला ऐकावं लागेल.

ठिकाण: स्वयंपाकघरातलं टेबल. वार गुरुवार, तारीख वकिलाच्या शिक्क्यावर असेल ती खरी.