एमॉसची शीळ

मी, हेस्टर थ्रेलफॉल, कै. विल्फ्रेड थ्रेलफॉल यांची विधवा, वय एकाहत्तर, आधी नटी व नंतर नाट्यदिग्दर्शिका, राहणार सँडरिग, लँकेशायर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय करीत आहे. छातीची आशा डॉक्टरांनी सोडली आहे; डोके शाबूत आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. माझे राहते घर सामानासह एमॉस टिल्डस्ली यांना द्यावे. ते पूर्वीचे खलाशी. आमच्या थिएटरात वरच्या माळ्यावर पडद्यांचे दोर सांभाळत. पडदे शिळेच्या इशाऱ्यावर खाली येत, म्हणून रंगमंचावर दुसऱ्या कोणी शीळ घालायची नसते. एका तालमीत रुपर्ट डेकर या नटाने सहज गाण्याची शीळ घातली. लाकडी दांड्याचा जड पडदा सुटला. खाली माझे पती विल्फ खिळे ठोकत होते.

विल्फच्या मृत्यूच्या चौकशीत एमॉस म्हणाले, "शीळ झाली, दोर सोडला. दर वेळी कुणाची म्हणून वाकून बघू का, साहेब?" डेकरने कानावर हात ठेवले. मी समोर बसून तालीम घेत होते. शीळ ऐकली होती, तसे सांगितले. बाहेर आल्यावर डेकर माझा हात धरून म्हणाला, "बाई, दुःखात कानांत काहीही वाजतं." एमॉस दारुडे ठरले, नोकरी गेली. तेव्हापासून ते कुत्र्यालासुद्धा शीळ घालत नाहीत.

२. पुस्तके गावच्या वाचनालयाला. मी गिरणीत कामाला होते तेव्हा तिथेच वाचायला शिकले. समासातले माझे शेरे खोडू नयेत.

३. राणीच्या भूमिकेतला माझा मखमली झगा नाटक कंपनीतल्या मुलींनी वापरून फाडावा.

४. विल्फचा हातोडा माझ्यासोबत पेटीत ठेवावा. दांड्यावर त्यांच्या अंगठ्याने खळगा पडला आहे. मी रोज तिथे अंगठा ठेवते.

५. डेकर आता मोठा नट आहे. अंत्यविधीला येईल, रडेल. रडायला मीच शिकवले. त्याने एकच वाक्य बोलावे: "शीळ मी घातली होती." ते जमत नसेल तर गप्प उभे राहावे.

६. मला विल्फशेजारी पुरावे. वकील म्हणाले, "पुढचं मृत्युपत्रात बसत नाही, मिसेस थ्रेलफॉल." मी म्हटले, "बसवा." पेटीचे दोर धरणाऱ्यांनी इशाऱ्यासाठी पाद्र्यांकडे बघू नये. एमॉसना मी विचारले आहे. म्हणाले, "ओठ सुकलेत, बाई."

"मग सराव करा. मला फार वेळ नाही."

त्यांची शीळ ऐकू येईपर्यंत मला खाली सोडू नये.

सही: हेस्टर थ्रेलफॉल
आमच्यादेखत सही केली: एडिथ ऑर्मरॉड, शेजारीण, सिरिल हेसकेथ, औषधविक्रेते
सँडरिग, ९ नोव्हेंबर १९६३