शिंपलेरावांची हजेरी

उमरगा
ता. ६ ऑगस्ट २०२५

चि. श्रावस्ती हिला व्यंकटआबाचा जयभीम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

लेक्चर चालू असताना मी सारखा फोन केला म्हणून तू फोनवर शिंपल्याचं नाव काढायला बंदी घातलीस. पत्र लिहा, पत्र पोचेपर्यंत निम्म्या काळज्या आपोआप विरतात, असं म्हणालीस. म्हणून लिहितोय. काळजी विरलेली नाही.

तू रत्नागिरीला मासळीच्या कॉलेजात गेलीस आणि तुझी समुद्राची टाकी माझ्या गळ्यात पडली. समुद्र मी जन्मात एकदा पाहिला, चैत्यभूमीला गेलो तेव्हा, तोही गर्दीतल्या डोक्यांवरून. आता तो आपल्या पुढच्या खोलीत आहे आणि सातवी पास माणूस त्याला रोज पाणी घालतो.

तू होतीस तेव्हा शिंपलेरावांची निळी झालर पदरासारखी बाहेर पसरायची. आता फट तेवढी ठेवून बसलेत. झालर आत ओढलेली, कडेला आकसलेली. कवच वाढायला चुना लागतो असं तू सांगितलं होतंस. माझ्या तंबाखूच्या डबीतला बोटभर देऊ का? तुझी आजी केशरबाई म्हणते, आधी तंबाखूपण द्या, म्हणजे एकदाचा जाईल बिचारा.

टाकीवरच्या तुझ्या निळ्या दिव्यानं वेगळाच ताप झालाय. काल हायवेवरचा एक ट्रकवाला बार समजून आत आला आणि इथं काय काय मिळतं म्हणून विचारत होता. मी म्हणालो, शिंपला. तो लगेच गेला.

दोन्ही वेळची हजेरी मात्र मी चुकवत नाही. एस.टी. डेपोत गजानं टायर ठोकून आवाजावरून हवा ओळखायची, अशी माझी सारी नोकरी गेली. हजेरीशिवाय गाडी सोडायची नाही, हे अंगात मुरलंय. शिंपलेरावही हजेरी देतात. तेवढाच दिलासा.

कळावं. लोभ शिंपलेरावांवर आहेच, उरलेला आमच्यावर असू दे.
तुझा
व्यंकटआबा


रत्नागिरी
१४ ऑगस्ट २०२५

ती. आबांना श्रावस्तीचा जयभीम व सा. न.

तुमचं पत्र मेसमध्ये मोठ्यानं वाचलं. मैत्रिणी तुमचा नंबर मागतायत. दिलेला नाही.

चुन्याची डबी टाकीपासून लांब ठेवा. कपाटातल्या निळ्या झाकणाच्या बाटलीतलं औषध मी सांगितलं तेवढंच घाला. पाणी उडून कमी होतं तेव्हा नुसतं फिल्टरचं गोडं पाणी घालायचं, कारण मीठ उडत नाही, ते टाकीतच राहतं. दुर्बिणीसारख्या नळीतून रोज खारटपणा बघा. दिवा संध्याकाळपर्यंत चालू राहू दे. ट्रकवाल्यांना चहा पाजा.

आता गमतीतलं नाही, ते लिहिते. शिंपल्याच्या झालरीत बारीक शेवाळ असतं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्याला जगवतं. तो मिटून राहिला की उजेड पोचत नाही, म्हणजे उपाशी. असा फार दिवस टिकणार नाही. सोलापूरला महांतेशकाका आहेत, बरीच वर्षं अशा टाक्या सांभाळतात. दिवाळीपर्यंत तो नीट उघडला नाही, तर ते त्याला घेऊन जातील. मी त्यांच्याशी बोलले आहे. तुमच्यावर राग नाही, आबा. तो जगला पाहिजे, एवढंच.

हजेरी घ्या, पण डेपोतल्यासारखं रागवू नका त्याला.

आजीला जयभीम. माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची
श्रावस्ती


उमरगा
ता. ३० ऑगस्ट २०२५

चि. श्रावस्तीला अ. आ.

तुझं पत्र वाचून आधी मी महांतेश नावाच्या माणसावर चिडलो. त्याचा काही दोष नाही, हे नंतर ध्यानात आलं.

तू सांगितलंस ते सगळं केलं. खारटपणा बरोबर, पाणी फिल्टरचं, औषध मापात. नळीतून बघताना पहिल्या दिवशी उलटी धरली होती, आता सुलटी धरतो. तरी शिंपलेराव दिवसेंदिवस मिटतच चाललेत. म्हणून मी हजेरी वाढवली. दोन वेळची होती, ती आता येता-जाता घेतो. घेतली की जीव भांड्यात पडतो, आणि खुर्चीत बसेपर्यंत परत वर येतो. पूर्वी शिंपलेराव चटकन हजेरी द्यायचे, आता आळस करतात.

खरं लिहू? राजपाल, तुझा बाप, पुण्याला. तू रत्नागिरीला. घरात तुझं म्हणून हलणारं असं तेवढंच उरलंय. तेही सोलापूरला गेलं, तर त्या खोलीत बसून मी काय टायर मोजू?

आता नेमकं माझ्या बहिणीचं, कोंडाबाईचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालंय. परंड्याला जावंच लागतं. टाकी आजीवर सोपवतोय. हजेरीचं तिला बजावलं, तर म्हणाली, मला काय डेपोत कामाला ठेवलंय का? माझा जीव इथंच टाकीत राहणार, परंड्याला नुसती पिशवी जाईल.

आठवण ठेव, आणि थोडी काळजी तूही कर, म्हणजे सगळी माझ्या एकट्याच्या वाट्याला यायची नाही.
तुझा
व्यंकटआबा


उमरगा
ता. ९ सप्टेंबर २०२५

लाडके श्रावस्ती, आजीचा जयभीम.

मी लई लिहीत न्हाय, तुला ठाऊक हाय. पण हे लिहावंच लागतंय. तुझा शिंपला उघडला. म्हातारा परंड्याला गेला, तिसऱ्या दिवशी झालर बाहेर आली. आज तर पैठणीवानी पसरलाय. मी काय बी केलं न्हाय. तू सांगितलेलं पाणी अन् औषध, बास.

मग मला उमगलं. म्हातारा त्याची हजेरी घेतो म्हंजे काय करतो, तुला सांगितलं का त्यांनी? टाकीवर वाकतो, अन् बोटाच्या हाडानं काचंवर टक टक ठोकतो, टायर ठोकल्यावानी. शिंपला दचकून मिटला की म्हणतो, हाय, जिवंत हाय. त्यो बिचारा जरा उघडायला बघतो, तवर हे पुन्यांदा हजर. राजपाल अभ्यासाला बसला की बी असंच वाकून उभं ऱ्हायचे. त्यो बी वही मिटायचा.

परवा येतील. मी सांगितलं तर रुसतील. तूच लिही.

लेकरा, पोटभर खात जा.
तुझी आजी
केशरबाई


रत्नागिरी
१६ सप्टेंबर २०२५

ती. आबांना सा. न.

आजीचं पत्र मिळालं. हसले, मग थोडी रडले, मग परत हसले.

आबा, काच ठोकली की शिंपल्याला वाटतं शत्रू आला. अंगावर सावली पडली तरी तेच. तुमच्या दृष्टीनं ती हजेरी होती, त्याच्या दृष्टीनं हल्ला. मीच आधी विचारायला हवं होतं.

तुम्ही नसताना तो उघडतो, हे आता कळलं. पण तुम्हाला कायमचं परंड्याला तर ठेवता येणार नाही. म्हणून अट एकच. तुम्ही घरात असताना तो उघडा राहिला पाहिजे. राहिला तर तो तुमच्याकडेच, नाहीतर दिवाळीला महांतेशकाका येतील.

लोभाला झाकण लावू नका.
तुमची
श्रावस्ती


उमरगा
ता. ५ ऑक्टोबर २०२५

चि. श्रावस्तीला व्यंकटआबाचा जयभीम व अ. आ.

परंड्याहून आलो. चपला काढायच्या आधी टाकीपाशी गेलो. शिंपलेराव असे पसरले होते की मला वाटलं, दुसराच आणून ठेवलाय. आनंदानं हात वर गेला आणि टक केलं. फाटदिशी मिटले. आजीनं कपाळाला हात लावला. मग तुझं पत्र आलं. आख्ख्या उमरग्यात शिंपल्याला झालेला एकच रोग निघाला, आणि तो म्हणजे धोतर नेसून पाणी घालणारा मीच.

तेव्हापासून ठोकायच्या बोटाला चिंधी बांधलीय. विचारणाऱ्याला विंचू चावला म्हणून सांगतो. धम्मचक्र दिनाला पाहुणे आले, तर टाकीसमोर खाट आडवी लावून मी पहाऱ्याला बसलो, कुणाला पुढं सरकू दिलं नाही. पण मी खोलीत आलो की शिंपलेराव मिटतात ते मिटतातच. माझ्या चालीवरून ओळखतात की काय कोण जाणे. तेव्हा विचार करून लिहितो, महांतेशना बोलाव. त्यांचं बोट शहाणं असेल. शिंपला माझ्याकडं राहावा ही माझी हौस. तो जगावा ही गरज. हौसेपायी मुका जीव उपाशी मारायचा नाही. पिशवीत घालताना मी घरात थांबणार नाही, एवढी सवलत दे.

इथवर लिहिलं आणि मान वर केली.

श्रावस्ती, वरचा मजकूर खोडत नाही, कागद घाण दिसतो. पण तो वाचू नको. मी खाटेवर भिंतीला टेकून हे पत्र लिहितोय. लिहिण्याच्या नादात बराच वेळ हललो नसणार. शिंपलेराव उघडलेत. नुसती फट नाही, सगळी झालर बाहेर आहे, निळी, कडेला हिरवे ठिपके. मी खोलीत आहे, आणि ते उघडे आहेत. तुझी अट पुरी झाली. साक्षीला आजी दारात उभी आहे, तिला विचार.

महांतेशना नमस्कार कळव आणि दिवाळीला फराळाला या म्हणावं, रिकाम्या हातानं.

आजी दोनदा चहाला हाक मारून गेली. तिला हातानंच खुणावलं, तेही अगदी हळू. पाय मुंग्यांनी भरलाय. पत्र पोस्टात टाकायला उठायला हवं, पण उठलो तर सावली पडेल. दिवा मालवायच्या वेळेपर्यंत बसतो. पत्र उद्या टाकीन.

उशीर झाला तर काळजी करू नको. केलीस, तर पत्रानं कर.

तुझा
व्यंकटआबा