कुठे दुखतंय ते सांगा

४ सप्टेंबर

चि. ढमीस अ. उ. आ.

इथे डोंगरात फोन लागत नाही, म्हणून कागद घेतला. पाचवा महिना लागला ना तुला? जपून राहा. जावईबापूंनाही आशीर्वाद.

तुझ्या आईची दांडी उडाली. जन्मभर वॉर्डात नर्स म्हणून राबले, रानावनात माणसं कशी न्यावीत ते शिकायला या वयात विद्यापीठात आले आणि तुकडी न्यायच्या पहिल्याच परीक्षेत आपटले.

झालं असं, की मुक्कामाला पोचल्यावर म्होरक्याने सगळ्यांना गोल बसवायचं आणि प्रत्येकाने काय दुखतंय-खुपतंय ते सांगायचं, असा इथला नियम. सुरुवात म्होरक्याची, म्हणजे माझी. माझा गुडघा नुसता ठणकत होता. पण ही विशीतली पोरं मला ‘आज्जे’ म्हणतात, त्यांच्यापुढे कशाला रडगाणं? म्हटलं, मला काही होत नाही. मग काय, सगळ्यांनी तीच री ओढली. दुसऱ्या दिवशी अर्ध्या चढावर एक पोरगी मटकन खाली बसली. बूट काढला तर टाच सोलून निघालेली, मोजा रक्ताने चिकटलेला. आज्जी बोलत नाही तर आपण कसं बोलायचं, असं वाटलं म्हणाली. परीक्षा घ्यायला सोबत आलेले सर तिला खाली घेऊन गेले आणि फेरी तिथेच संपली. फार लाज वाटली गं.

पुढच्या महिन्यात शेवटची संधी आहे. तीही हुकली तर गाशा गुंडाळून घरी. लोभ असू दे, नापास बाईवरही.

तुझी आई


१३ सप्टेंबर

ती. आईस सा. न. वि. वि.

आधी हसले, मग चिडले. गुडघ्याचं मला आत्ता कळतंय? निघताना दोन-दोन पायऱ्या चढून दाखवत होतीस, ती सगळी नाटकं तर! शेजारच्या काकू रोज विचारतात, आईला या वयात काय हे सुचलं. मी म्हणते, आमच्याकडे वयाला कोण विचारतंय. तेव्हा मुकाट्याने पास हो. हात हलवत परत आलीस तर काकूंना तोंड तूच द्यायचं.

इकडे सगळं झकास. चष्म्याच्या दुकानातून रजा घेतली आहे, उगाच आपली. दिवसभर पलंगावर लोळते, महाराणी झाले आहे. माझी काळजी करू नकोस, मला काही होत नाही.

माया पातळ करू नकोस.

तुझी ढमी


१२ ऑक्टोबर

चि. ढमीस अ. उ. आ.

पास झाले गं बाई.

मुक्कामाला सगळ्यांना बसवलं आणि आधी स्वतःचंच सांगितलं: “माझा गुडघा दुखतोय, आणि उद्याच्या चढाची मला भीती वाटते.” मग तुकडीतला आमचा लंबू म्हणाला, त्याला घरच्या आठवणीने झोपच लागत नाही. एकीच्या पोटात सकाळपासून कळा येत होत्या. टाच सोललेली ती पोरगीही पुन्हा आली होती, तिची धास्ती अजून गेली नव्हती. सकाळी ओझी नव्याने वाटली. माझा तंबू लंबूने उचलला, नको-नको म्हणायचं मी कसंबसं आवरलं. शिखर सोडून खालच्या वाटेने गेलो आणि सगळे धडधाकट पोचलो. सर म्हणाले, शिखर सोडलंत म्हणूनच पास. आता डिसेंबरातली लेखी तेवढी राहिली.

काल तुझं पत्र पुन्हा वाचलं. तापातही दुकान न चुकवणारी तू, आणि दिवसभर पलंगावर? शिवाय “मला काही होत नाही” हे माझं वाक्य आहे, ते मला बरोबर ओळखू येतं. खरं सांग बाळा, कुठे दुखतंय?

वाट पाहते. लोभ आहे म्हणूनच विचारते.

तुझी आई


१९ ऑक्टोबर

ती. आईस सा. न.

मध्यंतरी थोडं रक्त गेलं. डॉक्टरीणबाईंनी पडून राहायला सांगितलंय. तुला कळवायचं नाही अशी ह्यांना शपथ घातली होती, कारण तू सगळं टाकून धावत आली असतीस. आता धोका टळलाय, काल बाळाचे ठोकेही ऐकवले. पण पाठ मोडून आली आहे. दुपारी घरात कुणी नसतं तेव्हा फार भीती वाटते, आणि मला तू हवी आहेस.

लिहिता लिहिता खूप रडले. बरं वाटलं.

आता ऐक. काकूंना आजच सांगितलं, तर दुपारी विणकाम घेऊन माझ्याजवळ येऊन बसल्या. तू लेखी देऊन मगच ये. जे दुखतंय ते सगळं तुला सांगितलं, तेव्हा हेही खरं मान: तोवर माझं निभेल.

तुझीच,
ढमी