बिननावाचा लेख

६ जानेवारी
प्राचार्य उत्तमरावांनी बोलावलं. बसा म्हणाले नाहीत. "मॅडम, अमरावतीत समुद्र कुठी हाय? सागरी कायद्याचं मासिक, तेही मराठीत! कोण वाचून राह्यलं?" त्यांची अट : मार्चच्या अंकात बाहेरचा एक तरी लेख हवा — नाहीतर बंद. इतकी वर्षं एकटीनं चालवलं.

१९ जानेवारी
काही आलं नाही.

२ फेब्रुवारी
रविवार. अकोल्याला ताईकडे गेले होते. ताई म्हणाली, "काय वं, तुह्यं जहाज बुडालं नाही अजून?" सगळे हसले. मीही हसले. परतताना बसमध्ये खिडकी मिळाली. बाकी काही नाही.

११ फेब्रुवारी
लेख आला! मालकांनी वाऱ्यावर सोडलेल्या जहाजांवर. पगार थांबतो, मालक फोन उचलत नाही, खलाशी नांगरलेल्या जहाजावरच अडकतात. मासिकाचं ईमेल आकांक्षा पाहते, शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. ती लेखकाचं नाव काढून लेख तपासनिसाला देते. नाव विचारायचं नाही, सांगायचं नाही — नियम माझाच. तपासनीसही मीच. वऱ्हाडात या विषयाला दुसरं कोण आहे!

१४ फेब्रुवारी
कलमं अचूक. पण मध्येच लिहितो — डिझेल संपलं की आत कोंडतं, माणसं डेकवर झोपतात. ताडपत्रीत साठलेलं पाणी फडक्यानं गाळून पितात. शेरा लिहिला : 'इथे लेख कथेसारखा होतो. प्रत्येक विधानाला आधार द्यावा.' पानभर शेरे झाले, आकांक्षाकरवी लेखकाला पाठवले. बरं वाटलं — कोणाशी तरी बोलल्यासारखं.

२० फेब्रुवारी
उत्तर नाही. आकांक्षा वैतागली. "मॅडम, तुमी लई छळता लोकायले. छापून टाका नं! मासिक तरी बंद नाही पडनार." नाही. शेवटचा असला तरी कच्चा काढणार नाही.

२७ फेब्रुवारी
उत्तर नाही. रागावला असेल.

३ मार्च
दुरुस्त लेख आला, नाव काढून. माझा प्रत्येक शेरा पाळलाय. पाण्याच्या वाक्याखाली नवी तळटीप — 'आधार : मी स्वतः, याच जहाजावरून. उशिराबद्दल क्षमस्व, इथे रेंज क्वचितच येते.'
आकांक्षाला फोन लावला. म्हटलं, नाव सांग.