टर्बो, सासू आणि सत्तावन्न कॅन

लुकाचुकाई, ४ सप्टेंबर

चि. जावईबापू वॉलेस यांस,
ग्लेनिबाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र मी सांगतेय आणि तुमची बायको लिहितेय. काल मारिएटा म्हणाली, आई, तुझा निरोप त्याला आणि त्याचा तुला, अकरा वर्षं मी मधल्या टेकडीसारखी उभी आहे. आता जे काय ते कागदावर घाला, तोंडी एक शब्द नेणार नाही. मी म्हटलं, घाल बाई. मला अक्षर येत नाही, पण बोलणं येतं. अक्षर कमी पडलं म्हणून माझं काही अडलेलं तुम्ही ऐकलंय का?

आपल्या लोकांत सासू-जावयानं एकमेकांचं तोंड पाहायचं नाही, पाहिलं तर डोळे जातात, हे तुमच्या आईनंही तुम्हाला शिकवलंय. म्हणून तर तुमच्या पिकअपचा आवाज तेवढा माझ्या ओळखीचा. गेल्या मंगळवारी पाण्याची पिंपं घेऊन चढावर आलात तेव्हा गाडी शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखी किंचाळली, मागे काळा धूर, आणि मग कायमची गप्प. आज आठ दिवस झाले. शेजारचे लोक पाणी आणून देतात, पण ते स्वतःची गुरं पाजून उरलं तर.

इकडे थोरली लेक, लोरिता, अल्बुकर्कीहून रोज फोन करते. थंडी पडायच्या आत पाण्याची सोय झाली नाही, तर मेंढ्या विकायच्या आणि मी तिच्या चौथ्या मजल्यावर राहायला जायचं, असं तिनं ठरवलंय. तिथं गॅलरी आहे म्हणे. गॅलरीत मी काय चारू? तेव्हा गाडीला काय झालंय ते सरळ कळवा.

तुम्ही गाडीशी जितक्या मायेनं बोलता तितक्याच मायेनं या कागदाशी बोला.
ग्लेनिबा

(आई हे शेवटचं वाक्य सांगून पाच मिनिटं हसत होती. – मा.)


लुकाचुकाई, टेकडीच्या अलीकडून, ९ सप्टेंबर

ती. सासूबाईंच्या सेवेशी,
वॉलेसचा सा. न. वि. वि.

शाळेच्या बसची माझी फेरी संपवून परवा गाडी ओढून गॅलपच्या शोरूममध्ये नेली. टर्बो गेलाय. इंजिनात हवा कोंबणारं ते चाक असतं. त्याचा दांडा झिजून ढिला झालाय आणि पाती काजळीनं चिकटून बसलीत. तुम्हाला सांगायचं तर, चातीचा दांडा हलायला लागला की सूत तुटतं, तसंच.

वॉरंटी अजून आहे. पण कंपनी नाही म्हणते. गाडीच्या पोटात एक संगणक असतो, तो चहाडखोर निघाला. त्यानं सांगितलं की ही गाडी तेवीसशे तास जागेवर उभी राहून नुसती धडधडत होती. अशानंच काजळी धरते म्हणे. तिथला हॅरिसन आपलाच, शिपरॉककडचा. त्यानं विचारलं, भाऊ, एवढा वेळ उभं राहून करत काय होतास? मी म्हटलं, सासू आत जायची वाट बघत होतो. इंजिन चालू आहे तोवर मी अंगणात आहे हे तिला कळतं, बंद झालं की ती बाहेर येते. हॅरिसन हसून खुर्चीवरून पडायचा राहिला. त्यालाही सासू आहे. पण फॉर्मवर सासूचा रकाना नाही म्हणाला.

एक वाट आहे. गाडी उभी राहून राबते असं धरलं तरी कंपनीला चालतं, फक्त तेल त्या हिशेबानं लवकर लवकर बदललेलं पाहिजे. मी बदललंय, एकोणीस वेळा, तुम्ही मेंढ्या चारायला नेलेल्या असताना तुमच्याच अंगणात, कारण तिथली जमीन सपाट आहे. पावत्या तुमच्या पडवीतल्या कॉफीच्या डब्यात ठेवत आलो. तेवढा डबा मारिएटाजवळ द्यावा.

आशीर्वादाचा हात डोक्यावर असू द्या, लांबूनच.
आपला वॉलेस


१० सप्टेंबर

चि. जावईबापूंस आशीर्वाद. वि. वि.

डबा आहे. पावत्या नाहीत. कागद कोरडा होता, त्यावर काय लिहिलंय ते मला दिसत होतं पण कळत नव्हतं, आणि चूल सकाळी हट्ट करते. चार वर्षं तुमच्या पावत्यांवर माझी कॉफी उकळतेय. कॉफीला तेलाचा वास कुठून येतो म्हणून मी दुकानदाराला शिव्या घालत होते, त्याही आता परत घ्याव्या लागणार.

आणखी एक. तुम्ही आलात की आत जायला मला घटकाभर पुरे. पण मी आधी कप संपवायचे. मग लोकर गुंडाळायचे. मग कुत्र्याला दोन गोष्टी सांगायचे. तेवीसशेतले निम्मे तास माझे धरा. मारिएटा लिहिता लिहिता माझ्याकडे डोळे वटारून बघतेय.

पण ऐका. तेल ओतून झाल्यावर रिकामे कॅन तुम्ही टाकून जायचे. माझ्या घरात चांगली वस्तू वाया जात नाही. दर कॅनमध्ये चार खडे घालून मी ते मेंढ्यांच्या वाड्याच्या कुंपणाला टांगलेत, वाऱ्यानं खडखडले की कोयोट कोल्हे फिरकत नाहीत. मारिएटानं आज सगळे उलटे करून पाहिले. प्रत्येकाच्या बुडाला तारीख ठोकलेली आहे. सत्तावन्न आहेत. एका वेळचे तीन. गुणाकार मला बोटांवर येतो.

सगळे पाठवतेय. कोयोटना कळायच्या आत परत पाठवा.
ग्लेनिबा


२६ सप्टेंबर

ती. सासूबाईंस सा. न. वि. वि.

हॅरिसननं सत्तावन्न कॅन शोरूमच्या चकचकीत फरशीवर रांगेत मांडले. खडे तसेच होते. मोठा साहेब खाली आला, त्यानं एक कॅन हलवून पाहिला आणि याला काय म्हणायचं असं विचारलं. हॅरिसन गंभीरपणे म्हणाला, हे दप्तर आहे साहेब, आमच्याकडे असंच ठेवतात. साहेबानं सगळ्या तारखा उतरवून घेतल्या. काल कंपनीचा होकार आला. नवा टर्बो शुक्रवारी बसतोय, फुकट. शनिवारी पाणी घेऊन येतो. लोरिताताईंना तसं कळवलं आहे.

पण एका कागदावर सही करावी लागली. यापुढे दहा मिनिटांपेक्षा जास्त गाडी उभी धडधडू द्यायची नाही, नाहीतर पुढच्या वेळी कॅन आणून उपयोग नाही. म्हणजे सगळी पिंपं भरेपर्यंत मी अंगणात असेन आणि गाडी गप्प असेल. आपण नेमक्या तेव्हाच बाहेर आलात तर? काय करावं ते आपणच सांगावं.

माया पातळ होऊ देऊ नये.
वॉलेस


२८ सप्टेंबर

चि. जावईबापूंस अनेक आशीर्वाद. वि. वि.

कॅन पोचले. छप्पन्न. एक साहेबानं ठेवून घेतला वाटतं. त्याच्याकडेही कोयोट असतील.

माझी आजी कानात बारीक घंटा घालायची, जावयानं ऐकून तोंड फिरवावं म्हणून. मीही शेळीची घंटा गळ्यात घालून पाहिली. अख्खा कळप माझ्यामागं घरात शिरला. तेव्हा ते रद्द.

कुत्र्याशी मला बोलायचं नसायचं, ते तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. नवरा गेल्यापासून या टेकडीवर दिवसभर वारा सोडून कुणी नसतं. तुमचं इंजिन दाराशी घुरघुरत असलं की घरात माणूस असल्यासारखं वाटायचं. बायकोशी भांडून आलात की ते जोरात घुरघुरायचं, पगाराच्या दिवशी हळू. म्हणून मी कप सावकाश संपवायचे. (हे आईनं मला कधीच सांगितलं नव्हतं, आज मात्र लिही म्हणाली. – मा.)

तर असं करा. दहा मिनिटांनी इंजिन बंद करा आणि गाणं सुरू करा. बसमध्ये पोरांना म्हणता तेच, पोरं कान झाकतात असं ऐकलंय. ऐकू येतंय तोवर मी भिंतीकडे तोंड करून आत बसेन. पायरीवर कॉफी ठेवलेली असेल, आता तेलाचा वास येत नाही. पिंपं सावकाश भरा. घशावर वॉरंटी नाही, तेव्हा बेतानं गा, पण लवकर थांबू नका.

वाट पाहणारी,
ग्लेनिबा