आईला दिवसभर बाहेर ठेवायची ठिकाणं

बाबा, तुमचा हुशार मुलगा आईला दिवसा घरात ठेवायला तयार नाही. म्हटलं पहिली हीच बातमी द्यावी, बाकीचं मागाहून. तुम्हाला आता हार्ट-बिर्ट उरलेलं नाही, म्हणून बिनधास्त सांगतोय. हाकललं वगैरे नाहीये हां, तुमच्या मोठ्याचं काम एवढं कच्चं नसतं. त्याने तिला म्युनिकला बोलावलं, विमानाचं तिकीट पाठवलं, व्हिसाची कागदं पाठवली, आणि सगळं झाल्यावर मला एक व्हॉइस मेसेज पाठवला. मी इथे बडोद्यातच, सयाजीगंजात एका ट्रॅव्हलवाल्याकडे बसतो. लोकांचे व्हिसाचे फोटो काढतो, त्यांना तिकडच्या गाड्या शोधून देतो. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, बसतोस हाच शब्द बरोबर आहे. तर दादाचा मेसेज असा : "हे बघ, आई दिवसभर घरात असली की तुझ्या वहिनीला काम होत नाही, तिचं ऑफिस घरूनच असतं. तू त्या धंद्यात आहेस, तर म्युनिकहून ट्रेनने एका दिवसात जाऊन येता येतील अशी ठिकाणं काढ. रोज एक. सकाळी निघाली पाहिजे आणि जेवायच्या वेळेला परत. जागा कुठली पण चालेल. एकटीचंच तिकीट बघ. आणि तिला सांग की मजा येईल." मी हे दुकानात चहा पिता पिता ऐकलं आणि लगेच परत लावलं. मजा आली. खोटं कशाला बोलू? ज्याचं नाव घेऊन तुम्ही मला आयुष्यभर बदडलंत, त्याचा आवाज माझ्या खिशात होता.

तुमचा तो नियम आठवतो ना? निकाल लागला की जो चांगला पास होईल त्याला दिवसभर गाडीने फिरायला न्यायचं. आपले पणजोबा संस्थानात मोठे अधिकारी होते, म्हणून तुम्ही गोरव्याच्या कारखान्यात हजेरी लिहीत असलात तरी घरात बक्षीस आणि शिक्षा दरबारासारखीच वाटायचात. दादाला भरूच झालं, नर्मदेचा पूल झाला, अहमदाबाद झालं, सुरत झालं. मी सातवीत गचकलो त्या वर्षी तुम्ही मला पण स्टेशनवर नेता. मला वाटतं, चला, म्हातारा विरघळला. चौघं प्लॅटफॉर्मवर उभे आहोत, आईच्या हातात पुरी-भाजीचा डबा आहे, दादाने नवीन शर्ट घातलाय. गाडी लागते. तुम्ही माझ्या हातात प्लॅटफॉर्म तिकीट ठेवता आणि आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं म्हणता, "हे तुझं. गाडी बघ, टाटा कर, आणि बसने घरी जा. पुढच्या स्टेशनापर्यंत जायला पण डोकं लागतं." दादा खिडकीत बसतो. आई पण चढते. ती खिडकीतून दोन पुऱ्या कागदात गुंडाळून देते, तुमच्याकडे बघते, आणि पटकन हात आत घेते. मी रडलो नाही. मी तोंडाला हाताचा कर्णा लावला आणि अनाउन्सरबाईच्या आवाजात ओरडलो की ही गाडी आज सुरतला थांबणार नाही. एक अख्खं कुटुंब बिस्तऱ्यासकट खाली उतरलं. तो काका गुजरातीत माझ्या सात पिढ्या काढत होता, म्हणजे पणजोबा पण आले त्यात. तुम्ही मला मारायला खिडकीतून हात काढलात तेवढ्यात गाडी हलली. तुमचा हात पोचला नाही असा तो एकच दिवस.

आवाज काढणं एवढंच मला जमतं. तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होतो. तेराव्याला तुमच्या मोबाइलवर आत्याचा फोन आला, मी तुमच्या आवाजात म्हटलं, "कोण? बोल लवकर, बिल येतं." तिकडे आत्या धाडकन पडली. इकडे आईने माझ्या कानाखाली काढली आणि म्हणाली, "परत तो आवाज काढलास तर जीभ हासडीन." तेव्हापासून घरात आवाज बंद. दुकानात मात्र चालू. कधी एंबसीवाला होऊन फोन करतो, कधी शेठचा सासरा. शेठ म्हणतो, "बस कर ने भाई, धंदा बुडवशील."

तर आई निघायच्या आदल्या रविवारी मावशी मदतीला आली होती. ओट्यावर मेथीची ढेबरं चालली होती, मावशी लाटत होती, आई भाजत होती, आणि गुळाच्या सुखडीचा एक डबा आधीच भरून बांधून ठेवला होता. मी जमिनीवर बसून आईला सांगत होतो की तिकडे दिवसाचं एक तिकीट मिळतं, त्यावर हळू चालणाऱ्या गाड्यांतून त्या अख्ख्या राज्यात कुठेही फिरायचं, आणि एकाच तिकिटावर घरची सगळी माणसं पण चालतात. फक्त प्रत्येकाचं नाव लिहायचं त्यावर. आईने हात पुसले. "मग लिही ना. पहिलं माझं. मग दादाचं, सूनबाईचं, त्यांच्या छोटीचं. समोरासमोर बसता येईल अशी जागा बघ, आणि खिडकी छोटीला."

"आई, तिकीट एकटीचं आहे."

"का? दादाला सुट्टी नाही?"

"त्यालाच विचार," मी म्हटलं, फोन ओट्यावर ठेवला आणि मेसेज लावला. आवाज फुल्ल.

मला तिचं तोंड बघायचं होतं, बाबा. सरळ सांगतो. इतकी वर्षं दादा असा आणि दादा तसा ऐकून माझे कान पिकले होते, मला ते तोंड पडताना बघायचं होतं. मावशीचं लाटणं थांबलं. तव्यावरचं ढेबरं करपायला लागलं. 'जागा कुठली पण चालेल' आलं, 'एकटीचंच' आलं, 'मजा येईल' आलं, संपलं. आणि आई हसली. अशी हसली की डोळ्यांतून पाणी.

"मेल्या! तस्सा काढलास आवाज. अगदी तस्सा! 'चालेल' म्हणताना शेवटी कसा खाली जातो दादा, ते पण घेतलंस!"

मावशी म्हणाली, "आधीच रेकॉर्ड करून ठेवलं होतंस होय रे, डांबिसा?"

मग आईचं हसू गेलं. तिने करपलेलं ढेबरं काढून माझ्याच ताटलीत टाकलं. "पण त्याच्या तोंडी असलं घालायला नको होतंस. नक्कल कर, पण एवढं वाईट? पोटातच मळ आहे तुझ्या. तुझे बाबा म्हणायचे तेच खरं."

फोनवर दादाचा फोटो होता, खाली त्याचं नाव होतं. तिने चष्मा लावला असता तर काम झालं होतं. मी फोन तिच्या नाकासमोर धरला असता तरी झालं होतं. मी फोन खिशात टाकला आणि म्हटलं, "कशी जमली?" ती म्हणाली, "जमली. आता पुसून टाक ते." आता तुम्ही लगेच मान हलवू नका की पोरगं सुधारलं. तसलं काही नाही. मी हिशोब केला की हिला खरं पटलं तर ही जाणार नाही, इथेच बसून रडणार, आणि रडणार ती पण त्याच्याचसाठी, माझ्या छातीवर. मग मी कशाला भिजू? करपलेलं ढेबरं खाल्लं आणि कामाला लागलो.

आणि काम झकास केलं मी. माझ्या शेठला विचारा. ऑग्सबर्ग घातलं, लांड्सहूट घातलं, रेगेन्सबर्ग घातलं. तिला गाडी बदलायला लागू नये, आणि स्टेशनच्या बाहेर पडल्यावर चालत जुन्या गावात पोचावं, एवढंच बघत होतो. डोंगरावरचा तो प्रसिद्ध राजवाडा कापला. लोक तिथे धापा टाकायला जातात, हिचे गुडघे आहेत. साल्झबर्ग कापलं. सीमेपलीकडे आहे, आणि ही पासपोर्ट सुखडीच्या डब्यात ठेवणारी बाई. एक तळ्याकाठचं गाव घातलं, पण तिकडची गाडी रस्त्यात तुटते. पुढचे डबे एकीकडे जातात, मागचे दुसरीकडे. तिला दहा वेळा सांगितलं, पुढे बस. पासाऊ नावाचं एक गाव सापडलं, तिथे तीन नद्या एकत्र येतात. ते ऐकून ती एकदम म्हणाली, "म्हणजे आपलं चाणोदच की रे! संगमावर एकटीने नाही जायचं. तिथे सगळे मिळून जाऊ. ते शेवटी ठेव." मग ते ठेवलं बाजूला.

आता ती तिकडे आहे. रोज इथे दुपार झाली की तिचा व्हिडिओ कॉल येतो. "आज दादाला अचानक काम आलं रे, म्हणून मीच निघाले." रोज अचानक. पहिल्याच आठवड्यात ती तळ्याच्या गाडीत मागच्या डब्यात जाऊन बसली. मी ओरडलो, "अगं, तू भलतीकडे चाललीस!" ती म्हणाली, "ओरडू नकोस, लोक बघतायत." उतरून तिने फोन चारी बाजूंना फिरवला. "इथे तळं नाही रे. गाई आहेत नुसत्या."

"एवढं विमानात बसून गाईच बघितल्यास? बडोद्यात काय कमी आहेत?"

"ह्या अंघोळ केलेल्या आहेत," ती म्हणाली आणि आम्ही दोघं इतके हसलो की गिऱ्हाईक उठून गेलं.

डबा ती रोज चौघांचा नेते. मी म्हटलं एकटीपुरता ने, तर म्हणते, "काम लवकर आटपलं आणि मागून आले तर?" शेजारच्या म्हाताऱ्या मडमांना ढेबरं देते, 'खाओ, खाओ' करते, उरलेलं संध्याकाळी परत आणते. गाडी सुटली की फोन खिडकीला टेकवून ठेवते आणि बोलत राहते. शेतं, चर्च, घरांवरच्या कुंड्या. लहानपणी तिला गाणं शिकायचं होतं, हे मला ऑग्सबर्ग यायच्या आधी कळलं. तुमच्याबद्दल पण बोलते. "तुझ्या बाबांनी मला कधी खिडकी दिली नाही रे. मागितली असती तर दिली असती का, काय माहीत." मी म्हटलं, "नसती." ती म्हणाली, "नसतीच." इतकी वर्षं एका घरात राहून ती माझ्याशी एवढी बोलली नव्हती. जेव, झोप, कुठे होतास, तुझा दादा बघ, यापलीकडे आमचं काही नव्हतं. आता दुपारपासून दुकान बंद होईपर्यंत ती माझी. मी ठिकाणं लांबची शोधायला लागलो.

काल दादाचा मेसेज आला. "या शनिवारी आम्ही पण येतो आईबरोबर. छोटी मागे लागलीय. तीन नद्यांचं गाव आहे ना, ते बघ. चौघांचं तिकीट." मी उत्तर लिहिलं : शनिवारी त्या लाईनवर ट्रॅकचं काम आहे, मध्येच उतरून बस पकडावी लागेल, छोटी कंटाळेल. त्याने तपासलं पण नाही. "बरं, मग राहू दे. आईचं तेवढं दुसरीकडे कुठेतरी बघ."

आज आईचा फोन आला तेव्हा ती कुठल्यातरी बाकावर बसली होती, डबा मांडीवर. "शनिवारी सगळे येणार होते रे संगमावर. छोटीने पिशवी पण भरून ठेवली होती. दादा स्वतःहून म्हणाला, आई, आपण सगळे जाऊ. पण गाड्या बंद आहेत म्हणे."

"हो ना," मी म्हटलं. "मी बघितलं."

"जाऊ दे. तू तरी काय करणार त्यात." तिने पदराने नाक पुसलं आणि डब्याचं झाकण लावलं. "शनिवारसाठी दुसरं बघ मग. लांबचं असलं तरी चालेल. तू आहेस ना बोलायला?"

आहे, म्हटलं.

हे तुम्हाला पाठवायला पत्ता नाही, आणि ठेवायला जागा नाही, कारण आई परत आली की पहिल्यांदा माझे खिसेच तपासते. म्हणून वाचून झालं की फाडणार. तेवढ्यात तुम्हाला एक सांगून ठेवतो, दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही. ट्रॅकचं काम नाहीये, बाबा. शनिवारी सगळ्या गाड्या चालू आहेत.