बाबांची साखळी-यंत्रणा आणि माझी मालमत्ता

मागच्या मृत्युपत्रात मी लिहिले होते की यंत्रणेचा लाकडी नमुना 'ज्या कारखान्याने ही यंत्रणा घडवली' त्याला द्यावा. हे चूक आहे. यंत्रणा माझे वडील आर्थर थ्रेलफॉल यांनी आखली. कारखान्याने ती बिघडवली. ते मृत्युपत्र रद्द समजावे.

मी, हेस्टर थ्रेलफॉल, अविवाहित, कारखान्यात नकाशे गिरवणारी, हे पूर्ण शुद्धीवर लिहीत आहे. खाडाखोड झाली तिथे शेजारी सही केली आहे.

१. घरातला माझा हिस्सा आणि पोस्टातली शिल्लक आईला. लिहायला मला तिनेच घरी शिकवले, त्यामुळे हे हाती पडल्यावर ती आधी शुद्धलेखन तपासेल.

२. फटी मोजायच्या पट्ट्या बाबांचे फिटर विल्फकाका यांना.

३. लाकडी नमुना गावच्या वाचनालयाला, बाबांच्या नावासह. रेल्वे इंजिनाच्या सिलिंडरमध्ये वाफ सोडणारे व्हॉल्व्ह बाबांनी साखळीने चालवले, सगळे तेलाच्या बंद पेटीत. लोखंड तापले की वाढते. म्हणून इंजिन गरम असतानाच ते जुळवावेत, हे त्यांनी नकाशावरच लिहिले होते. बाबा अंथरुणाला खिळले, आणि संचालक पाहायला येणार म्हणून कारखान्याने इंजिन पेटवण्याआधीच घाईने जुळवणी उरकली. इंजिन लंगडत धावले. अहवाल आला : आराखडा सदोष. बाबांनी तो वाचला, आणि त्याच आठवड्यात गेले.

४. तो अहवाल लिहिणारे श्री. लासेल्स यांना बाबांचे तापमापक. उपयोग समजावून सांगू नये.

५. येत्या सोमवारी ते इंजिन तोडायला नेणार आहेत. त्याआधी एकदा नीट जुळवून धावू द्यायला शेडचे फोरमन तयार झाले आहेत. जुळवायला कोणीतरी चाकांमधून आत शिरावे लागते.

"माझं पोट त्या चाकांमधून जायचं नाही, पोरी," विल्फकाका म्हणाले. "गेलं असतं तर तुला विचारलंच नसतं."

"आणि इंजिन हललं तर?" आईने विचारले.

"ब्रेकपाशी मी आहे ना, वहिनी."

"तुम्ही जेवणाच्या ताटापाशी तरी कधी स्वस्थ बसता का?"

मला काही झाल्यास विल्फकाकांना दोष देऊ नये. आणि चौकशीत 'यंत्रणेमुळे' हा शब्द कोणी लिहिल्यास आईने त्यावर सही करू नये.

साक्षीदार : एडिथ गारफोर्थ, दुकानदार; हॅरल्ड पिकर्सगिल, चर्चमधील वादक. विल्फकाकांना भेट दिली असल्याने ते साक्षीदार होऊ शकत नाहीत. त्यावरून ते रुसले आहेत.

सही : हेस्टर थ्रेलफॉल
ऑल्डरबी, ११ ऑक्टोबर १९५०

गरम इंजिनाखाली मी उतरणार तो दिवस : शनिवार, १४ ऑक्टोबर १९५०.